मुघल-ए-आझम पहिल्यांदाच बघतेय, पनघटच्या गाण्यानंतर थांबवलाय, पुढे बघू का?

वाळपईची वीणा

नमस्कार मंडळी, जुन्या पिक्चरांचे जाणकार इथे बरेच आहेत म्हणून विचारते. मुघल-ए-आझमची गाणी मला सगळी पाठ, आई स्वयंपाक करताना तीच गुणगुणते, शाळेच्या गॅदरिंगला दरवर्षी कोण ना कोण अनारकली व्हायचीच, पण अख्खा पिक्चर म्हणाल तर कधी बघितलाच नव्हता. या आठवड्यात पावसाने असं ठाण मांडलंय की गोव्यात आमच्या सत्तरी तालुक्यात घराबाहेर पडायची सोय नाही, आणि नवल म्हणजे लाइट होती, म्हणून लॅपटॉपवर लावला.

आणि खरं सांगते, मला झेपत नाहीये. माणसं एकमेकांशी बोलतच नाहीत, भाषणं करतात. अकबर बायकोला साधं काही सांगायचं असलं तरी दरबार भरल्यासारखं सांगतो. एकाचं वाक्य संपलं की सगळे थांबतात, मग दुसरा सुरू होतो. उर्दू निम्मी डोक्यावरून जाते, सबटायटल वाचेपर्यंत चेहऱ्यावर जे काय व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. सुरुवातीला हिंदुस्तानचा नकाशा स्वतःच उठून बोलायला लागतो तेव्हा माझा भाऊ उठून गेला तो परत आलाच नाही. आणि रंग! माझ्याकडे रंगीत आहे, त्यात राजा काय दासी काय सगळ्यांचे गाल एकाच डब्यातल्या रंगाने रंगवल्यासारखे.

पुतळ्याचा सीन मात्र आवडला, बाणाने पडदा उडतो आणि पुतळा जिवंत निघतो तो. "मोहे पनघट पे" पण मस्तच. तिथे थांबवलाय.

तर पुढे हे असंच आहे का, की मी भलतीच प्रिंट घेऊन बसलेय? नक्की बघायचं तरी काय यात? "ग्रेट आहे, बघच" एवढंच लिहू नका प्लीज, ते आई रोज सांगते.

माशेलचा मावळा

वीणा, सत्तरीतली आहेस म्हणजे जत्रेची नाटकं बघितली असणारच. मग तुला हा पिक्चर कळायला काहीच हरकत नाही, फक्त तो पिक्चर आहे हे थोडा वेळ विसर.

मी गावच्या ऐतिहासिक नाटकात कामं करतो, बहुतेक वेळा सरदार नाहीतर दूत, राजाचं काम मिळायला अजून पोट सुटायचंय. देवळासमोर मंडप, वर तारेला लटकवलेला माइक, मागे खाजे-चण्याच्या फेरीवर, म्हणजे जत्रेतल्या दुकानांवर, गर्दी, आणि त्या फेरीवर उभ्या असलेल्या माणसापर्यंत राजाचं वाक्य पोचलं पाहिजे. म्हणून राजा वाक्य तोडून तोडून बोलतो, शेवटचा शब्द वर नेऊन सोडतो, आणि टाळी पडेपर्यंत समोरचा गप्प उभा राहतो. ते तू लहानपणापासून बघतेस आणि तिथे तुला खटकत नाही, हो की नाही? अकबर झालेला पृथ्वीराज कपूर तेच करतोय. हा माणूस मूळचा रंगभूमीचाच, १९४४ साली स्वतःची पृथ्वी थिएटर्स काढली आणि गावोगाव नाटकं केली. आणि पिक्चरचं मूळ पण नाटकच, इम्तियाझ अली ताज यांचं १९२२ चं उर्दू नाटक. त्यामुळे प्रवेश, स्वगत, पल्लेदार वाक्य, मग शांतता, हे सगळं तिथूनच आलंय.

आता एक गोष्ट बघ, ही मला कोणी सांगितलेली नाही, बघून बघून लक्षात आलीय. अकबराचा मुलगा सलीम झालेला दिलीपकुमार असं बोलत नाही. बाप बोलतो ते मंडपाच्या शेवटच्या रांगेसाठी, मुलगा बोलतो ते समोर उभ्या असलेल्या एकाच माणसासाठी. काही वाक्यं तर तो अर्धी गिळतो. दोघं समोरासमोर आले की एक रंगमंचावर उभा आणि दुसरा कॅमेऱ्यासमोर, आणि भांडण पण तेच आहे ना, बाप चोवीस तास बादशहा असतो आणि मुलाला कधीतरी नुसता बाप हवा असतो. हे दिग्दर्शक के. असिफने मुद्दाम केलं की आपोआप झालं देव जाणे, पण झालंय.

आणि सबटायटल बंद कर. गंमत नाही करत. उर्दू न कळणारे लाखो लोक हा पिक्चर बघून आले, आवाजावरूनच कळतं कोण कोणाला सुनावतोय. हेडफोन लाव, लॅपटॉपच्या स्पीकरवर पृथ्वीराज म्हणजे अन्याय आहे.

उगाच कशाला

मी दुसऱ्या बाजूने लिहितो, नाहीतर इथे आरतीच सुरू होईल.

१९७ मिनिटं आहे हा पिक्चर. त्यातली पाऊण तास तरी कापली असती तर कोणाचं काही बिघडलं नसतं. सलीम अर्धा वेळ उसासे टाकतो, हा म्हणे युद्धभूमीवर वाढलेला शहजादा. लढाईत हत्ती घोडे उंट सगळं आहे, खऱ्या लष्कराचे जवान आणून उभे केले होते, पण कोण जिंकतंय कोण हरतंय काही कळत नाही, नुसती धूळ. नाटक बघायचं तर मंडपात बघू की, थंडीत शाल घेऊन बसायची मजा तरी असते. पडद्यावर कॅमेरा असताना माणसं ओळीत उभी करून बोलायला लावायची गरज काय? त्याच्या आसपासच कितीतरी हिंदी पिक्चर आलेत ज्यात माणसं माणसांसारखी बोलतात.

वीणाबाय, नाही आवडला तर सोडून दे. गाणी यूट्यूबवर आहेत.

रीळवाला पणजी

उगाचराव, धुळीचं पटलं, बाकी नाही.

वीणा, तुझा प्रिंटचा प्रश्न महत्त्वाचा आहे म्हणून जरा लांबण लावतो. मूळ पिक्चर ५ ऑगस्ट १९६० ला आला तो कृष्णधवल, फक्त "प्यार किया तो डरना क्या" आणि शेवटची काही रिळं टेक्निकलरमध्ये. तू बघतेस तो २००४ मध्ये कॉम्प्युटरवर रंगवलेला, त्या वर्षी दिवाळीला तो परत थिएटरात लावला होता. काम मेहनतीचं होतं यात शंका नाही आणि त्या निमित्ताने नव्या पिढीने तो मोठ्या पडद्यावर बघितला, पण त्यात दोन घोटाळे झाले. एक म्हणजे वीसेक मिनिटं कापली गेली. दुसरा जास्त वाईट. असिफचा बेत असा की दीड-दोन तास डोळ्याला काळ्या-पांढऱ्याची सवय लावायची आणि मग "प्यार किया" गाण्याचा आरसेमहाल, शीशमहल, एकदम रंगात उघडायचा. पहिल्यापासूनच सगळं रंगीत केलं की तो दणका गेलाच, मग ते गाणं बाकीच्या गाण्यांसारखं एक गाणं होऊन राहतं.

कॅमेरामन आर. डी. माथुर. त्याने काळ्या-पांढऱ्यात जे केलंय ते रंगाखाली पुसलं जातं. अनारकली कोठडीत बेड्यांत असते तो भाग बघ, बेड्या खऱ्या लोखंडाच्या होत्या, मधुबालाला तेव्हा हृदयाचा आजार होता आणि ते ओझं अंगावर घेऊन तिने ते सीन केले. वरून एकच उजेड येतो, तिच्या कपाळावर आणि गालाच्या हाडावर पडतो आणि खाली सगळा काळोख. रंगीत प्रिंटमध्ये त्या काळोखाचा चॉकलेटी होतो. तू म्हणतेस ते गाल, ते यामुळेच.

आता शीशमहल. अंधेरीच्या मोहन स्टुडिओत सेट, नुसता उभारायला दोनेक वर्षं, काच बेल्जियमहून मागवलेली. सगळं झालं, दिवे लावले, आणि पडद्यावर काय, तर नुसता लखलखाट. हजारो आरशांचे तुकडे, प्रत्येकात दिवा दिसतोय, प्रत्येकात चमक, मधे माणूस दिसेना. अशाने चित्रीकरण होणारच नाही असं सांगणारे भेटले, पैसे घालणाऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. माथुरने शेवटी दिवे सेटवर थेट टाकायचेच बंद केले. उजेड आधी परावर्तकांवर मारायचा, परावर्तकांवर कापडाच्या पट्ट्या लावायच्या, आणि तिथून जो मऊ होऊन परत येईल तेवढाच सेटवर. एवढं केलं तेव्हा कुठे छतातल्या प्रत्येक तुकड्यात एकेक अनारकली गिरकी घेताना दिसली. तो शॉट येईल तेव्हा पॉज कर आणि छताकडे बघ. आणि लगेच अकबराच्या डोळ्यांचा क्लोजअप येतो तो पण बघ, तिथे पृथ्वीराज एक शब्द बोलत नाही.

एकूण खर्च दीड कोटीच्या घरात गेला असं सांगतात. तेव्हाचे दीड कोटी.

पेडण्याची पोर

रीळवाल्या दादा, त्या गाण्यातल्या काही गिरक्या मधुबालाच्या नाहीतच ना? मी कथक शिकते, आमच्या गुरूंनी सांगितलेलं की एका पुरुष नर्तकाने तिच्या चेहऱ्याचा मुखवटा घालून केल्यात. तेव्हापासून मी ते गाणं बघताना चेहऱ्याकडे बघतच नाही, पायांकडे आणि खांद्यांकडे बघत बसते, कुठे बदल होतो ते शोधत. नृत्यं बसवलेली लच्छू महाराजांनी.

रीळवाला पणजी

हो, मुखवट्याची गोष्ट खरी आहे. लांबचे शॉट बघ, तिथे सापडेल.

कुंकळ्ळीकर

इतिहासाचा मास्तर आहे, निवृत्त, त्यामुळे राहवत नाही.

वीणा, हा इतिहास नव्हे एवढं धरून चाल, म्हणजे निम्मा त्रास कमी होईल. अकबराच्या काळातल्या दरबारी बखरींत अनारकली नाही, जहांगीरने स्वतः लिहिलेल्या आठवणींतही नाही. ही गोष्ट कागदावर येते ती विल्यम फिंच नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याच्या प्रवासवर्णनात, तो १६११ च्या सुमाराला लाहोरला होता आणि तिथली एक कबर बघून लोक काय बोलतात ते त्याने लिहून ठेवलं. अकबर जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. लाहोरला अनारकलीची म्हणून कबर आहे, तिथे आता सरकारी दप्तर ठेवतात. सलीमच्या आईला जोधाबाई म्हणायचं तेही मागाहून चिकटलेलं, तिची पदवी मरियम-उझ-झमानी.

बाप-लेकाचं बिनसलं होतं ते मात्र खरं. १६०० च्या सुमाराला सलीमने अलाहाबादला स्वतःचा दरबार थाटला, १६०२ मध्ये बापाचा उजवा हात अबुल फझल याला मारवलं. त्यात कोणी नर्तकी नव्हती, होती ती गादी. पण गादीसाठी भांडणाऱ्या मुलावर गाणी कोण लिहिणार?

आता आपल्या गोव्याचं सांगतो, हे पिक्चरमध्ये नाही पण बघताना मला दर वेळी आठवतं. या अकबराने गोव्याला पत्र पाठवून पाद्री बोलावून घेतले होते. १५७९ च्या नोव्हेंबरात रोदोल्फो आक्वाव्हिवा, मोन्सेराते आणि आणखी एक असे तिघे गोव्याहून निघाले आणि १५८० च्या फेब्रुवारीत फत्तेपूर सिक्रीला पोचले. सलीम तेव्हा दहा-अकरा वर्षांचा पोर, म्हणजे या लोकांनी त्याला डोळ्यांनी बघितलेलं. मोन्सेराते त्याच्या धाकट्या भावाला, मुरादला शिकवायचा. बादशहाने वादविवाद ऐकले, कौतुक केलं, धर्म काही बदलला नाही. आक्वाव्हिवा हात हलवत गोव्याला परत आला आणि त्याच वर्षी, १५८३ ला, आमच्या कुंकळ्ळीत मारला गेला. देवळं पाडली म्हणून गाव पेटलेला होता, पाच जेझुइट पाद्री एकदम गेले, आणि मग पोर्तुगिजांनी गावच्या मुखत्यारांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलणी करायला म्हणून बोलावून कापून काढलं. अकबराच्या समोर बसून बोललेला माणूस आमच्या शेताच्या बांधावर पडला. पृथ्वीराज सिंहासनावर बसला की मी त्या दरबारात तो पाद्री शोधतो.

उगाच कशाला

मास्तर यावर पिक्चर काढा, मी पहिल्या रांगेत बसेन. पाऊण तास कापा पण म्हणणार नाही.

म्हापशेकर आजोबा

नातवाने फोनवर वाचून दाखवलं, त्यालाच लिहायला लावतो आहे, चुका त्याच्या.

बाय वीणा, हा सिनेमा मुंबईत मराठा मंदिरला लागला तेव्हा आम्ही पोर्तुगिजांच्या राज्यात होतो. १९५५ पासून रेल्वे बंद, हद्दीवर परवाने आणि झडत्या. मुंबईला असलेल्या मामाचं पत्र यायचं, त्यात लिहिलेलं की तिकिटांसाठी लोक रस्त्यावर झोपताहेत, घरून जेवणाचे डबे येताहेत रांगेत. आम्ही इथे बसून वाचायचं. पण गाण्यांना हद्द कोण घालणार, रेडिओ सिलोन लागायचं की. त्यामुळे सिनेमा बघायच्या आधी आमच्या आळीतल्या सगळ्यांना गाणी पाठ, मधे वाक्यं काय असतील ती आम्हीच मनाने रचायचो. बघायला मिळाला तो मुक्तीनंतर, म्हणजे ६१ च्या डिसेंबरानंतर, आणि मी तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा. थिएटरात पृथ्वीराजाचं वाक्य पडलं की लोक "वन्स मोअर" ओरडायचे, जसं नाटकात ओरडतात. सिनेमाला वन्स मोअर कुठला मिळणार, तरी ओरडायचे.

माशेलच्या पोराने आवाजाचं लिहिलं ते बरोबर. पण गाण्याचं कोणीच लिहिलं नाही. गोव्यात बसून लताच्या गाण्याबद्दल गप्प राहायचं म्हणजे काय? दीनानाथ मंगेशीचे. तेवढं एक झालं. दुसरं, जोधाबाई झालेली दुर्गा खोटे, माहेरची लाड, तिचं घराणं मूळ गोव्याकडचं, घरात कोंकणी बोलायचे. १९३२ ला अयोध्येचा राजा मध्ये तारामती झाली ती, घरंदाज बायका सिनेमात काम करत नव्हत्या त्या दिवसांत. तू लक्ष तिच्यावर ठेव. मधुबाला कोण बघत नाही, सगळेच बघतात. नवरा पोटच्या पोराविरुद्ध लढाईला निघतो आणि तलवार तिच्याच हातून मागतो, तेव्हा ही बाई काय करते ते बघ. सगळी मोठ्याने बोलणारी माणसं, आणि ही हाताने बोलते.

आणि तानसेन गातो ना, तो आवाज बडे गुलाम अली खाँ यांचा. खाँसाहेब सिनेमात गायला तयार नव्हते, टळावे म्हणून एका गाण्याचे पंचवीस हजार मागितले, लता-रफीला तेव्हा शेकड्यांत मिळायचे. असिफ म्हणाला दिले. हे संगीतकार नौशाद सांगायचे. त्या गाण्यावर सलीम अनारकलीच्या तोंडावरून पीस फिरवतो, बाकी काही नाही, एक पीस. आमच्या वेळी त्या सीनला थिएटरात खोकणारा माणूस पण खोकायचा थांबायचा. तुमच्या हल्लीच्या सिनेमात सगळं दाखवतात आणि पोरं मोबाइल बघत असतात.

माशेलचा मावळा

आजोबा, वन्स मोअरचं वाचून अंगावर काटा आला. आमच्या नाटकात अजून येतो हो, पण आता पोरं शिट्टी मारतात.

कपड्यांचं राहिलं. आम्ही नाटकाचे कपडे भाड्याने आणतो, त्यातला निम्मा जरीचा माल खरा तर लग्नाच्या बँडवाल्यांचा असतो, त्यामुळे माझं लक्ष तिकडे जातंच. या पिक्चरला शिंपी दिल्लीचे, जर भरणारे सुरतेचे, दागिने हैदराबादच्या सोनारांचे, मुकुट कोल्हापूरच्या कारागिरांचे, हत्यारं राजस्थानच्या लोहारांची. अकबर चिलखत घालून चालतो तेव्हा त्याची चाल बघा, खांदे कसे खाली ओढले जातात. ते वजन खरं आहे. थर्माकोलचं चिलखत घालून आम्ही कितीही आव आणला तरी तशी चाल येत नाही, मी आरशासमोर करून बघितलंय.

वाळपईची वीणा

बाप रे, एवढं सगळं! सगळ्यांना देव बरें करूं.

तर मी काल रात्री उरलेला बघितला. हेडफोन लावून, सबटायटल बंद करून, आणि आईला बाजूला बसवून, म्हणजे मग अडलं की आई होतीच. आईने मला काहीच समजावलं नाही, ती स्वतःच आधी वाक्य म्हणायची आणि मग पृथ्वीराज म्हणायचा.

कव्वालीचा सीन मला सगळ्यात आवडला, शीशमहलपेक्षा पण. अनारकली आणि तिच्यावर जळणारी दासी बहार समोरासमोर बसून गातात, गोड हसत एकमेकींना टोचतात, आणि सलीम निकाल देतो, बहारला गुलाब आणि अनारकलीला काटे. आणि काटे घेताना ती जी बघते! जिंकलेली बहार आधी खूश होते, मग एका क्षणात तिला कळतं की आपण हरलो. तिथे भाषणबिषण काही नाही. बहार झालेल्या निगार सुलतानाबद्दल इथे कोणीच का लिहिलं नाही? अख्खा पिक्चर ती हलवते. ती नसती तर बापाला कळलंच नसतं.

आजोबा, दुर्गाबाईंचं तुम्ही म्हणालात तसंच. तलवारीच्या वेळी आई पण गप्प झाली.

मावळा, बाप मंडपाला बोलतो आणि मुलगा एकाला, हे वाचल्यावर ते सोडून मला दुसरं काही दिसेचना. पण एक शंका आहे. अनारकली कोणासारखी बोलते? मला वाटतं सुरुवातीला ती सलीमसारखं हळू बोलते, आणि बेड्या पडल्यावर हळूहळू अकबरासारखी बोलायला लागते. शीशमहलात तर ती सरळ दरबाराला सांगते, सलीमकडे बघते थोडंच, सगळं त्या म्हाताऱ्याला ऐकवायला. म्हणून तो चिडतो असं मला वाटलं, गाण्याच्या शब्दांवर नाही, त्याच्याच आवाजात कोणीतरी उत्तर दिलं म्हणून.

उगाचदादा, लढाईचं तुमचं शंभर टक्के बरोबर. मी तेवढ्या वेळात भाताचा कुकर लावून आले आणि परत येईपर्यंत धूळ तशीच होती. शेवटही मला नाही पटला. एवढं सगळं करून मग अकबराला चांगला ठरवायचा? आई म्हणते नाहीतर लोकांनी खुर्च्या फोडल्या असत्या.

उगाच कशाला

शेवट सांगितलास ना! मी नाही बघितलेला अजून शेवटपर्यंत.

पेडण्याची पोर

😂😂 १९६० चा पिक्चर आणि स्पॉइलर? आणि शेवटपर्यंत न बघता पाऊण तास कापा म्हणत होता?

उगाच कशाला

झोप लागली म्हणूनच म्हणत होतो.

कुंकळ्ळीकर

वीणा, शेवटाचं तुझ्या आईचं म्हणणं मला पटतं. फिंचच्या गोष्टीत तिला भिंतीत चिणलीच आहे. पण स्वातंत्र्याला तेरा वर्षं झाली होती, फाळणी सगळ्यांच्या अंगावरून गेलेली, या पिक्चरचा पहिला निर्माता त्या फाळणीतच पाकिस्तानात निघून गेला आणि काम बंद पडलं, नंतर शापूरजी पालनजींनी पैसे घातले. नकाशा उठून बोलतो ना, तुझा भाऊ पळाला तो, तो उगाच नाही बोलत. हिंदूंचा आणि मुसलमानांचा दोघांचा म्हणून दाखवायचा बादशहा, जन्माष्टमीला कृष्णाचा पाळणा हलवणारा, त्याच्या हातून शेवटी एका निरपराध मुलीचा खून दाखवणं त्यांना परवडलं नसतं. म्हणून आईला दिलेलं वचन, अंगठी, भुयार, सगळी व्यवस्था. पटकथा म्हणून ती पळवाट आहे, मान्य. पण कोणासाठी ठेवलेली पळवाट ते बघ.

माशेलचा मावळा

वीणा, अनारकलीच्या आवाजाचं तू लिहिलंस ते माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. परत बघावा लागणार. "ऐ मोहब्बत जिंदाबाद" ला मग काय म्हणशील, तिथे तर मूर्तिकार गातो, रफी आणि मागे शंभर जणांचा कोरस, म्हणजे मंडपच उलटून बादशहाला बोलायला लागतो.

वाळपईची वीणा

हो ना! आणि तो मूर्तिकार हत्तीच्या पायाखाली जायला निघालाय आणि तोच सगळ्यात मोकळा दिसतो.

आता कृष्णधवल बघायचाय, आईला पण तोच हवाय, रंगीत बघून ती सारखी "आमच्या वेळी ही ओढणी अशी नव्हती" म्हणत होती, जशी काय ओढणी तिनेच धुतलेली. कसा ओळखायचा? साइटवर नुसतं नाव असतं, फोटो तर दोन्हीकडे रंगीतच.

रीळवाला पणजी

फोटोवर जाऊ नको, किती वेळाचा आहे ते बघ. ३ तास १७ मिनिटांच्या आसपास असेल तर मूळ, ३ तासांच्या जरा आत असेल तर रंगवलेला. तरी खात्रीसाठी दहा मिनिटं पुढे नेऊन बघ, मधले मधले तुकडे चोरून चिकटवलेल्या प्रिंटा पण फिरतात. आणि नोव्हेंबरात इफ्फीचं, म्हणजे पणजीतल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचं, वेळापत्रक आलं की रिस्टोअर केलेल्या जुन्या पिक्चरांचा विभाग आधी बघ. हा लागेलच असं नाही, पण कृष्णधवल मोठ्या पडद्यावर कसा दिसतो ते आईला एकदा पणजीला आणून दाखव. सीट बुक करायला सकाळी लवकर उठावं लागतं, साइट उघडली की पाच मिनिटांत सगळं फुल्ल.

म्हापशेकर आजोबा

आम्हाला पण कळवा. नातू बुक करील.